काठी कोणत्या सदरात लिहायची?

ताडपत्रीखाली उभी करायची काठी हे उपकरण आहे की परिग्रह? आमच्या जैन धर्मात या दोहोंमधलं अंतर फार मोठं आहे. दिगंबर मुनींजवळ मोरपिसांची पिंछी असते, कमंडलू असतो, वाचायला एखादं शास्त्र असतं. अंगावर सूतही नसलेल्या माणसाजवळ या वस्तू असतात आणि तरी तो अपरिग्रही, कारण पिंछीने जीव वाचतात, कमंडलूने शुद्धी राहते, शास्त्राने ज्ञान वाढतं. संयमाच्या कामी येतं ते उपकरण, बाकीचा सगळा परिग्रह. अनेक श्वेतांबर साधूंच्या हातात दंडही असतो आणि ते तो उपकरणातच धरतात. आमचे मुनी काठी घेत नाहीत. म्हणजे काठीपाशी येऊन आमच्यातच दोन मतं झालेली आहेत, आणि त्यामुळे हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

मी मुनी नाही, आर्यिका नाही, साधी श्राविका आहे. शिरोळ तालुक्यातल्या शेतकरी घरातली. सांगलीत पॉलिटेक्निकला अप्लाइड मेकॅनिक्स शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. दिवाळी उलटून कार्तिकी अष्टान्हिका पार पडली की पाठीला सॅक लावून सह्याद्रीच्या माथ्यावर जाते, रात्री उघड्यावर काढते. पावसाळ्यात जात नाही. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट आषाढात तरुण मुलं मोठ्या संख्येने चालतात, त्यांच्या इतिहासप्रेमाचा मला आदर आहे. पण त्या चार महिन्यांत जमिनीवर इतकं काही जन्मत असतं की आमचे मुनी विहार थांबवून एका गावी राहतात. तेव्हा मीही घरी राहते.

तंबू मी नेत नाही. सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचं तीन मीटर बाय तीन मीटरचं कापड, तणाव्यांचे दोर, खुंट्या आणि एक काठी, एवढ्यावर माझं छप्पर होतं. कापडाचा निर्णय सोपा होता, दोरांचाही. काठीपाशी मात्र मी अडले, आणि अडले ते आप्पांच्या वहीमुळे.

गृहस्थाला सगळं सोडता येत नाही, म्हणून त्याला परिग्रह-परिमाण सांगितलं आहे. आपल्याजवळ काय किती असावं याची हद्द आपणच घालायची आणि मग ती ओलांडायची नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती हद्द लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहून ठेवली होती. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य, भांड ही दहा सदरं परंपरेनेच ठरलेली. दासी आणि दास यांच्यापुढे त्यांनी आडवी रेघ ओढली होती. क्षेत्रापुढे शेताचे गट नंबर, वास्तूपुढे गावातलं घर, कुप्यापुढे धोतरं, सदरे, घोंगडी. दरवर्षी दशलक्षण पर्वात ते वही उघडायचे. एखादा आकडा कमी करता आला तर करायचे. वाढवायचा मात्र नाही. मीही तशी वही ठेवते. माझ्या वहीत वास्तूपुढे दोन नोंदी आहेत: गावच्या घरातला माझा वाटा आणि सांगलीतला फ्लॅट. नवी वस्तू घरात येते तेव्हा ती कुठल्या सदरात जाणार आणि तिथे जागा आहे का, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आता काठीचं काम काय ते सांगते, कारण वस्तूचं काम कळल्याशिवाय तिचा धर्म ठरवता येत नाही. कापडाचा प्रत्येक तणावा बाहेर आणि खाली ओढतो. ती सगळी ओढ शेवटी काठीच्या माथ्यावर एकवटते आणि काठी ती जमिनीत उतरवते. तिला कोणी वाकवत नाही, मोडत नाही. तिला फक्त दाबलं जातं. बारीक लांब काठी दाबाखाली चुरत नाही, एका क्षणी बाजूला कमान होते आणि छप्पर बसतं. हा क्षण किती भाराला येईल याचं गणित लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकातच मांडलं. त्यातली एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी जीव तोडून शिकवली: काठीची लांबी दुप्पट केली की तिची ताकद निम्मी होत नाही, चौथाई होते. म्हणून वारा वाढला की डोंगरातला शहाणा माणूस जाड काठी शोधत बसत नाही, काठीचा एक तुकडा काढून छप्पर खाली आणतो.

दुसरी गोष्ट जाडीची. बारा मिलिमीटर व्यासाची, पाऊण-एक मिलिमीटर भिंतीची, एकशेवीस सेंटिमीटर लांब ॲल्युमिनियमची नळी घ्या. वजन साधारण पंचाण्णव ग्रॅम आणि कागदावरच्या हिशोबाने ती वीस-एकवीस किलोच्या दाबाला कमान होईल. भिंत तेवढीच ठेवून व्यास सोळा केला तर वजन एक-तृतीयांशाने वाढतं, ताकद मात्र जवळजवळ अडीचपट. धातू मध्यापासून जितका दूर नेऊन ठेवाल तितका तो जास्त कामाचा. पण भिंत फारच पातळ झाली तर नळी एका दगडावर आपटून चेपते, आणि चेपलेल्या जागीच पुढे बसते. बांबूने हे आधीच सोडवलेलं आहे. आत पोकळ, आणि ठराविक अंतरावर पेर, म्हणजे नळी चपटी होऊच नये. वजनाच्या मानाने ताठपणा पाहिला तर चांगला वाळलेला बांबू ॲल्युमिनियमच्या बऱ्यापैकी जवळ जातो. चंदगड आणि सिंधुदुर्गाकडचा माणगा मात्र जवळजवळ भरीव. तो कुदळीच्या दांड्याइतका भरवशाचा, पण पाठीवर न्यायला जड, आणि बांबूची दुसरी अडचण म्हणजे त्याची घडी होत नाही.

सगळ्यात हलकी काठी कार्बन फायबरची. माझा भाचा पुण्यात असतो. त्याने त्याची काठी मला वापरायला दिली. ‘आत्या, पासष्ट ग्रॅम आहे फक्त, आणि तुझ्या ॲल्युमिनियमपेक्षा दीडपट ताठ,’ असं म्हणाला, आणि ते खरंच होतं. कार्बनचा धागा लांबीच्या दिशेने ॲल्युमिनियमपेक्षा ताठ आणि वजनाला निम्म्याहून थोडा जास्त. उणीव एकच: तो वाकून सूचना देत नाही. ॲल्युमिनियमची नळी आधी वाकते, मग बसते. वाकलेल्या जागेवर थोड्या मोठ्या नळीचा वीतभर तुकडा सरकवून बांधला की ती सकाळपर्यंत निभावते. कार्बन तडकतो. सगळे धागे नुसते लांबीच्या दिशेने असतील तर काठी उभी चिरते, आणि तिची कुसळं बोटात गेली तर काढणं अवघड.

ती काठी माझ्याजवळ होती तोवर मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. रात्री वारा उठला की माझा हात आपोआप काठीवर जायचा. तडकेल का, भाच्याला काय सांगू, असं मनात यायचं. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची खूण वस्तूत सांगितलेली नाही, जीव जिथे गुंततो तिथे सांगितली आहे. पासष्ट ग्रॅमची काठी वजनकाट्यावर सगळ्यात हलकी होती आणि माझ्या मनावर सगळ्यात जड. भाच्याला तसं होत नसेल. त्याला ती मोडली तर दुसरी घेणं सोपं आहे. म्हणून कार्बन हा परिग्रह आणि ॲल्युमिनियम हे उपकरण असा निकाल मी देत नाही. आप्पांचा जीव एका जुन्या घोंगडीत होता, तिला बाजारात कोणी चार आणे दिले नसते. हे ज्याचं त्याने रात्री वाऱ्यात ओळखायचं असतं.

हलकेपणाच्या मागे लागणाऱ्यांचा एक पंथच झाला आहे. ते प्रत्येक वस्तू तराजूत घालतात, दात घासायच्या ब्रशची दांडीही कापतात. त्यांच्या निष्ठेत मला तपाचा अंश दिसतो. पण ग्रॅमची मोजदाद हीच जर दिवसरात्र मनात राहिली, तर सोडलेल्या प्रत्येक वस्तूची जागा तिच्या वजनाने घेतली असं होतं. अमेरिकेत एमा गेटवूड नावाची बाई १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, ॲपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांबीची डोंगरवाट एकटी चालली. घरी शिवलेली खांद्यावरची पिशवी, पायात साधे कॅनव्हासचे बूट, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तंबू नाही, छपराचे खांब नाहीत. मला तिच्याबद्दल अपार आदर आहे. ती पालापाचोळ्यावर निजली, आणि वाटेवरच्या कितीतरी घरांनी तिला रात्रीचा आसरा दिला. तिच्या पिशवीत जे नव्हतं ते वाटेवरच्या लोकांनी पुरवलं, आणि तिने ते मोकळेपणाने घेतलं.

इथे माझ्या प्रश्नाला दुसरी बाजू येते. पाठीवरून उतरवलेलं ओझं नाहीसं होत नाही, ते कोणाकडे तरी जातं. हिमालयात खेचरावर तंबू लादून मोकळ्या अंगाने चालणारा अपरिग्रही नसतो. तसंच, काठीच न नेता ‘जंगलात मिळेल की’ म्हणणाराही नसतो. आमच्या बारा व्रतांत अनर्थदंडव्रत नावाचं एक गुणव्रत आहे. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं-वेली तोडणं, हे त्यात वर्ज्य. सह्याद्रीच्या कड्यांवर कारवी दाट असते, सरळ, हाताला बरोबर बसेल अशी. गावकरी तिच्या कुडाला शेणमाती लिंपून घरं उभारतात. त्यांना ती लागते, ते जपून घेतात. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि बी टाकून मरते. फुलायच्या आधल्या साली माझ्या एका रात्रीच्या छपरासाठी तिची दोन खोडं छाटायची, आणि सकाळी चुलीत घालायची की तशीच टाकायची? माझ्या सॅकमधले शंभर ग्रॅम वाचले, हा त्याचा हिशोब होऊ शकत नाही. जिवंत झाडाला दोर बांधणं त्या मानाने निर्दोष, पण जांभ्याच्या सड्यावर झाडच नसतं. तिथे काठी बरोबर न्यावीच लागते.

जी वस्तू मी विकत घेतली, पाठीवर वाहिली, दुरुस्त केली आणि पुन्हा वापरली, ती वहीत दिसते. छाटलेली कारवी वहीत दिसत नाही. म्हणून वहीत न दिसणाऱ्या गोष्टींची मला जास्त धास्ती वाटते.

आता भाच्याचा खरा मुद्दा. तो म्हणतो, चालायची काठीच छपराला वापर, म्हणजे छपराच्या काठीचं वजन शून्य. चालायच्या चांगल्या काठ्या दोनशे-अडीचशे ग्रॅमच्या असतात, नळ्या जाड असतात, छपराचा भार त्या सहज पेलतात. ज्याच्या गुडघ्याला उतारावर खरोखर काठी लागते, त्याच्यासाठी याहून सुंदर उपाय नाही. एकाच वस्तूने दिवसा देह सावरावा आणि रात्री छप्पर. पण परिग्रह-परिमाणाचे अतिचार, म्हणजे त्या व्रतातले दोष, सांगताना टीकाकारांनी एक प्रकार फार बारकाईने टिपला आहे. एखाद्याने दोन शेतांची हद्द घालून घेतली, मग तिसरं शेजारचं शेत घेतलं, मधला बांध काढून टाकला आणि म्हणाला, शेतं दोनच आहेत. दोन घरांमधली भिंत पाडून एक घर म्हणणं, तोच प्रकार. आकडा राखला, व्रत गेलं. मला चालताना काठी लागत नाही. छपरासाठी काठी हवी म्हणून मी चालायची काठी घेतली आणि वहीत ‘चालण्यासाठी’ असं लिहिलं, तर मी तो बांधच काढला. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, ‘मग सरळ काठी घे आणि काठी म्हण.’

काठीने प्रश्न आधाराचा उभा केला आणि आधाराचा विचार मला बाहुबलीपाशी नेतो. कुंभोजच्या डोंगरावरची २८ फुटी मूर्ती मी लहानपणापासून पाहते. श्रवणबेळगोळची मूर्ती त्याहून कितीतरी मोठी, सत्तावन्न फुटांच्या आसपास. गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने ती ९८१च्या सुमारास घडवली. पायाशी मराठी अक्षरंही कोरलेली आहेत. बाहुबली कायोत्सर्गात उभा आहे, हात सोडलेले, वस्त्र नाही, शस्त्र नाही, टेकायला काठी नाही. वर्षभर उभा राहिला, वेली अंगावर चढल्या, पायाशी वारुळं झाली. सर्वस्व सोडलेल्या माणसाचं याहून पूर्ण चित्र आमच्याकडे नाही. आणि ती मूर्ती मी शिक्षिकेच्या नजरेने पाहिली तेव्हा असं दिसलं की मांड्यांपर्यंत मागे खडक तसाच ठेवलेला आहे. त्याच्यावरचा सगळा देह मोकळा उभा आहे. तो खडक शिल्पकाराने वारुळांचं आणि वेलींचं रूप देऊन राखला. एवढा दगडी देह नुसत्या दोन घोट्यांवर उभा करण्याचा धोका त्याने घेतला नाही. आधार लपवला नाही, उलट त्याला कथेत जागा दिली. मला त्या अनाम कारागिराची ही सचोटी फार मोठी वाटते.

मुनींचंही तसंच आहे. शांतिसागर महाराजांनी विसाव्या शतकात दिगंबर मुनिधर्म पुन्हा गावोगाव पायी नेला आणि १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. त्यांच्यासारख्यांजवळ काही नव्हतं, कारण वाटेवरच्या गावांत श्रावक होते. मुनी दिवसातून एकदा, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. त्यांच्यासाठी मुद्दाम शिजवलेलं घ्यायचं नाही असा दंडक. आधार आहे, पण तो कोणावर लादला जाऊ नये याची इतकी काळजी आहे. माझ्या मते अपरिग्रहाचा अवघड भाग हाच: आधार नसणं कोणालाच शक्य नाही, आपला आधार कोणावर पडतो आहे हे पाहत राहणं मात्र शक्य आहे.

बाहुबलीच्या कथेचा शेवट आमच्याकडे असा सांगतात की एवढं तप करूनही त्याला केवलज्ञान होईना. मनात एक शल्य राहिलं होतं: मी उभा आहे ती जमीन भरताची, माझ्या भावाची आहे. सगळं सोडलं, पण पावलाएवढी जागा कोणाची तरी होतीच. भरताने येऊन वंदन केलं तेव्हा ते शल्य गेलं.

सड्यावर काठी उभी करताना मला ही जागा रोज दिसते. जांभ्यात टोक रुतत नाही, म्हणून खाली एक चपटा दगड ठेवावा लागतो. दगड उचलायच्या आधी तो एका कडेने बोटभर उचकटून आत पाहायचं. कधी विंचू असतो, कधी मुंग्यांची पांढरी अंडी, कधी नुसती ओली माती आणि एक गोगलगाय. काही असेल तर दगड तसाच हळू टेकवायचा आणि दुसरा शोधायचा. मुनींची आदान-निक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना-ठेवताना पाहून-पुसून करणं, ती मला माझ्या घरात कधी नीट जमली नाही असं नाही, पण तिचा अर्थ सड्यावर जास्त कळतो. योग्य दगड मिळेपर्यंत सूर्य खाली जातो. मी अंधारानंतर जेवत नाही, म्हणून आधी जेवण, मग छप्पर. मग काठीच्या माथ्यावर कापडाची कडी अडकवायची, समोरासमोरचे तणावे सरकगाठीने एकेक ताणायचे, आणि काठीवर बोटाने टिचकी मारून बघायची. नीट भार आला असेल तर ती बारीक, भरीव आवाज करते; एका बाजूची ओढ कमी असेल तर काठी खटखटते. जमीन धनगराच्या चराईची असते, कधी देवस्थानची, कधी कुणाच्या मालकीची. खालच्या वस्तीवर विचारल्याशिवाय मी वर जात नाही.

मी शेवटी ॲल्युमिनियमची काठी घेतली. सोळा मिलिमीटरची, चार तुकड्यांची, आत लवचीक दोरी ओवलेली, म्हणजे वारा वाढला तर एक तुकडा काढून नव्वद सेंटिमीटरची होते. सव्वाशे-दीडशे ग्रॅम. सोबत दुरुस्तीचा नळीचा तुकडा. भाच्याची कार्बनची परत केली.

तरी पहिला प्रश्न शिल्लकच होता. संयमाला तिची मदत होते का? जीव तिने वाचत नाहीत, शुद्धी राहत नाही. दव अंगावर पडू नये एवढंच तिचं काम. ते सुख आहे, आणि सुखाच्या वस्तूला मी उपकरण म्हणणार नाही. तेव्हा परिग्रह. मग सदर? भाऊ म्हणाला, ‘भांड लिही की, ताट-तांब्या तशी काठी.’ कापड कुप्यात आणि काठी भांडात, असं मी लिहूनही पाहिलं. पण काठी उभी राहिल्याशिवाय ते कापड छप्पर होत नाही, आणि ती उभी राहिली की त्याखालची तीन मीटर बाय तीन मीटर जमीन रात्रभरापुरती माझी होते. गुरं बाजूने जातात, माणसं हाक मारून मग येतात. वास्तू वेगळी ती काय असते?

म्हणून यंदाच्या दशलक्षणात मी ती वास्तूच्या सदरात लिहिली. तिथे आधीच दोन नोंदी होत्या आणि हद्द दोनचीच आहे. गावच्या घरातल्या वाट्याचं हक्कसोडपत्र भावाच्या नावे करायला दिलं आहे, तारीख पुढच्या महिन्यात मिळेल.